सत्ताविसावा माणूस

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सिएटलजवळच्या बॉथेलमध्ये राहणारे हे गृहस्थ पंचेचाळिशीचे, सॉफ्टवेअरमधले. अकरा वर्षांपासून सिएटलच्या मरिनर्स या बेसबॉल संघाचे भक्त. त्यांच्या कॉलेजातला जुना मित्र चार वर्षांपूर्वी तिकडे गेला आणि यांनीच त्याला बेसबॉलची गोडी लावली. आणखी दोघांना घेऊन चौघं हंगामाची तिकिटं वाटून घेतात. गेल्या ऑगस्टअखेर, १ सप्टेंबरला संघात वाढणाऱ्या जागेवर कोण आणावं यावरून वाद पेटला. मित्र म्हणे, निव्वळ पळणारा एक माणूस आणा, ऑक्टोबरच्या बाद फेरीत शेवटच्या, नवव्या इनिंगला तोच सामना काढून देईल. हे म्हणाले, बाकावरच्या माणसाने काडीचा फरक पडत नाही, आकडे बघ. आवाज चढले आणि हे सगळ्यांदेखत बोलून गेले, "तुला अजून इनफील्ड फ्लाय धड कळत नाही आणि तू रोस्टर ठरवतोस?" (इनफील्ड फ्लाय हा बेसबॉलमधला एक किचकट नियम, रोस्टर म्हणजे संघातल्या खेळाडूंची यादी.) मित्र गप्प झाला आणि ऑक्टोबरच्या सामन्यांतला आपला वाटा त्याने दुसऱ्याला देऊन टाकला. १० ऑक्टोबरला डेट्रॉइटविरुद्ध पाचव्या सामन्यात बाकावरून आलेल्या लिओ रिवासने बरोबरी साधून दिली. तेव्हा मैदानात बसलेल्या यांच्या फोनवर मित्राकडून केकचं चित्र आलं, सोबत एक अक्षर नाही. दहा दिवसांनी टोरांटोत सातवा सामना हरल्यावर यांनी लिहिलं, "बाकावर कोण होतं याने काय फरक पडला?" तेव्हापासून अबोला. संक्रांतीला एका घरी दोघं समोरासमोर आले. मित्राने यांच्या पत्नीच्या हातून तिळगूळ घेतला, यांच्या हातून नाही. आता तिकिटांचे पैसे भरायची वेळ आलीय. ते विचारतात: बरोबर कोण होतं? माफी मीच मागायची का? आणि त्याची जागा ठेवायची की चौथा माणूस शोधायचा?

प्रिय बॉथेलकर,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा बेसबॉलसाठी आणि एकदा तिळगुळासाठी. बेसबॉलवर तुम्ही साडेतीन पानं लिहिलीत, तिळगुळावर दीड ओळ. पण तुमचा पहिला प्रश्न खेळाचा आहे, तर आधी तोच घेते. तो टाळला तर तुम्ही म्हणाल, बाईंना खेळातलं काही कळत नाही. असलं वाक्य तुम्हाला एकदा महागात पडलंय, दुसऱ्यांदा नको.

इतर वाचकांसाठी जरा मांडणी करते. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये प्रत्येक संघ मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ सामने खेळतो. सामना नऊ इनिंगचा, इनिंग म्हणजे दोन्ही संघांची फलंदाजीची एकेक पाळी. एकेक बेस, म्हणजे थांबा, गाठत फलंदाज फिरून घरी आला की एक धाव; फटक्याविना पळून पुढचा बेस गाठणं म्हणजे बेस चोरणं. संघात २६ जण. १ सप्टेंबरला ते २८ होतात, पण पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, १४च्या वर ठेवता येत नाहीत, म्हणून बहुतेक संघ एक पिचर आणि एक फलंदाज वाढवतात. २०१९पर्यंत सप्टेंबरात ४० जणांपर्यंत मुभा असायची. तेव्हा प्रत्येकाला आपापला लाडका माणूस मिळायचा, भांडायचं कारणच नव्हतं. आता जागा एक आणि तोंडं चार. जुलैअखेरीच्या सुमारास खेळाडूंची अदलाबदल बंद होते, ३१ ऑगस्टपर्यंत जो क्लबच्या पदरी नाही त्याला सहसा ऑक्टोबरमध्ये उतरता येत नाही, आणि ऑक्टोबरमध्ये संघ पुन्हा २६चाच होतो. म्हणजे ज्या सत्ताविसाव्या माणसावरून तुम्ही दोघं भांडलात, त्याला बाद फेरीत बाक तरी मिळेल याची खात्री नव्हती.

क्रिकेटचा बारावा माणूस पाणी आणतो, क्षेत्ररक्षण करतो, पण बॅट हातात घेत नाही. बेसबॉलमधला बाकावरचा माणूस थेट बॅट घेऊन येतो किंवा दुसऱ्याच्या जागी बेसवर पळायला उभा राहतो. मात्र ज्याच्या जागी तो आला तो त्या सामन्यापुरता संपला, त्याला परत येता येत नाही. आगपेटीतल्या काडीसारखं आहे हे, ओढली की गेली. म्हणून काड्या किती आहेत यापेक्षा कुठली काडी कुठल्या अंधारासाठी राखून ठेवायची, यावर मॅनेजरची झोप उडते.

आता तुमचे आकडे. सप्टेंबरभरात अशा माणसाच्या वाट्याला बॅट मोजक्या वेळा येते आणि १६२ सामन्यांच्या हिशेबात त्याने काही हलत नाही, हे तुमचं गणित चोख आहे. पण ते हंगामाचं गणित झालं आणि तुमचा मित्र ऑक्टोबरबद्दल बोलत होता. ऑक्टोबरमध्ये हिशेब तीन, पाच किंवा सात सामन्यांचा असतो. शिवाय एक नियम बदलतो, तो तुमच्या पत्रात कुठेच नाही याचं मला नवल वाटलं. साखळीत नऊ इनिंगनंतर बरोबरी असली की २०२०पासून पुढची प्रत्येक इनिंग दुसऱ्या बेसवर आयता धावपटू ठेवून सुरू होते, त्यामुळे निकाल लवकर लागतो. बाद फेरीत हा आयता माणूस मिळत नाही. म्हणून तर तुमचा तो पाचवा सामना १५ इनिंग, पाच तासांना दोन मिनिटं कमी एवढा चालला. हरणाऱ्याने घरी जायचं अशा सामन्यांत इतक्या इनिंगचा दुसरा सामना झालेला नाही. अशा रात्री बाक एकेक करून रिकामा होत जातो आणि शेवटी जो उरलाय त्यालाच पाठवावं लागतं. ३ विरुद्ध २ असा तो सामना जिंकला तेव्हा तुम्ही तिथे होतात, घसा बसला होता असं लिहिलंयत. मग बाकाने काडीचा फरक पडत नाही हे वाक्य त्या रात्रीनंतरही तुम्ही कसं लिहू शकलात?

तुमचा मित्र बरोबर होता असं मात्र लगेच समजू नका. त्याच्या डोक्यात कुठली गोष्ट असणार, ते मला माहीत आहे, कारण ती गोष्ट घडली तेव्हा मी बॉस्टनच्या बाहेर पंचवीस मैलांवर राहत होते.

१७ ऑक्टोबर २००४. बॉस्टनचा रेड सॉक्स संघ न्यूयॉर्कच्या यांकीजविरुद्ध मालिकेत ३-० असा मागे, आदल्या रात्री १९-८ असा मार खाल्लेला. शेजारच्या निवृत्त आजोबांनी त्यांच्या तळघरात टीव्हीसमोर बोलावलं होतं. मी वाटीभर चिवडा नेला होता आणि ते त्यातले फक्त शेंगदाणे वेचून खात होते. नववी इनिंग, एका धावेने मागे, समोर यांकीजचा पिचर मारियानो रिवेरा. केविन मिलार चार चेंडू सोडून पहिल्या बेसवर गेला आणि त्याच्या जागी एक सडपातळ माणूस पळायला आला. डेव्ह रॉबर्ट्स. ३१ जुलैला, अगदी शेवटच्या दिवशी लॉस एंजेलिसकडून आणलेला. मी विचारलं, "हा आता बॅटिंग करणार का?" आजोबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण नीट समजावून सांगितलं, "नाही. हा फक्त पळणार. इथे बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे, समोर उभ्या असलेल्या त्यांनासुद्धा." रिवेराने तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. मग फलंदाजाकडे पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स दुसऱ्या बेसकडे सुटला. यांकीजच्या जीटरचा हात त्याला लागला तोवर रॉबर्ट्सचा हात बेसवर होता, मधे वीतभरही अंतर नसेल. पुढच्या फटक्यावर तो घरी आला, बरोबरी झाली, बाराव्या इनिंगमध्ये बॉस्टनच्या ओर्टीझने सामना संपवला तेव्हा मध्यरात्र कधीच उलटली होती. पुढचे तिन्ही सामने बॉस्टनने जिंकले आणि मग वर्ल्ड सिरीजही, १९१८नंतर पहिल्यांदा. बॉस्टनकडून साखळीत रॉबर्ट्सने जेमतेम पाच बेस चोरले होते. त्याच्या बदल्यात जो तरुण खेळाडू दिला, तो मोठ्या लीगमध्ये कधी उतरलाच नाही.

ही गोष्ट ज्याने एकदा ऐकली त्याला दर ऑगस्टमध्ये एक डेव्ह रॉबर्ट्स हवा असतो. १९९२ची अटलांटाची गोष्टही तशीच. फ्रान्सिस्को कॅब्रेरा, अख्ख्या हंगामात अधिकृत फलंदाजी दहा वेळा, आणि पिट्सबर्गविरुद्धच्या सातव्या सामन्यात नवव्या इनिंगला, दोन बाद असताना, त्याच्या एका फटक्यावर दोघं घरी आले आणि अटलांटा अंतिम फेरीत गेलं.

पण हीच गोष्ट उलट्या बाजूने घडते तेव्हा कोणी तळघरात बोलावून सांगत नाही. १९७४ साली ओकलंडचे मालक चार्ली फिनली यांनी तुमच्या मित्राची कल्पना शब्दशः अमलात आणली होती. हर्ब वॉशिंग्टन नावाचा शर्यतीतला धावपटू त्यांनी थेट संघात घेतला, फक्त पळायला. हा माणूस मोठ्या लीगमध्ये १०५ सामने खेळला, ३१ बेस चोरले, आणि बॅट एकदाही हातात धरली नाही. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात, नवव्या इनिंगला, एका धावेने मागे असताना त्याला पहिल्या बेसवर पाठवलं. पिचर माइक मार्शलने गर्रकन वळून चेंडू पहिल्या बेसकडे फेकला आणि वॉशिंग्टन उभ्या उभ्या बाद. ओकलंड तो सामना ३-२ असा हरलं, सिरीज जिंकलं म्हणून निभावलं. २०१३मध्ये सेंट लुइसचा कोल्टन वाँग असाच पळायला आला आणि तसाच टिपला गेला. समोर कार्लोस बेल्ट्रान बॅट घेऊन उभाच राहिला आणि सामना संपला. पळणारा माणूस आणला म्हणजे सामना निघाला असं होत नाही. तो कधी बेसवर असावा, समोरचा पिचर किती सावध आहे, त्याच्या मागे फटका मारणारा कोण, हे सगळं जुळलं तर तो रॉबर्ट्स होतो, नाहीतर वाँग.

आणि ज्यांच्या हातात निर्णय असतो त्यांना तरी काय ठाऊक असतं? २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोने ऑगस्टमध्ये कोडी रॉस उचलला, तो म्हणे सॅन दिएगोला मिळू नये एवढ्याचसाठी. तो पुढे लीगच्या अंतिम फेरीचा मानकरी ठरला आणि संघ विजेता. प्रतिस्पर्ध्याच्या पानात पडू नये म्हणून उचललेली भाकरी आपल्याच पोटात गेली, असा प्रकार.

म्हणून बरोबर कोण, याचं माझं उत्तर तुम्हा दोघांनाही आवडणार नाही. तुम्ही चांगला कोण यावर भांडत होतात. बाकाच्या बाबतीत तो प्रश्नच नाही. प्रश्न असा की कोणत्या इनिंगला, कोणाच्या जागी, कोणत्या पिचरसमोर, आणि त्यानंतर त्या जागी क्षेत्ररक्षण कोण करणार. तुमच्या साडेतीन पानांत या चारांतला एकही प्रश्न आलेला नाही. मित्राच्या कल्पनेत त्यांतला निदान एक होता, नववी इनिंग.

सातव्या सामन्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मात्र मला खटकलं. टोरांटोच्या स्प्रिंगरने सातव्या इनिंगला तीन धावांचा होमरन मारला आणि ४-३ने सगळं संपलं. तो निर्णय कुठला पिचर उतरवायचा याचा होता, बाकाचा नव्हता, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. दहा दिवस तो संदेश तुम्ही पोटात ठेवून हिंडत होतात आणि संघ हरताच वाट करून दिलीत. त्या रात्री सिएटलमध्ये कोणाला काही सुचत नसेल. तुम्हाला मित्राला ऐकवायचं सुचलं.

आता त्या केकविषयी. हे मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलंय. तुम्ही लिहिता, "मी जिंकलो, केक काप, असं त्याला म्हणायचं होतं." अकरा वर्षं खेळ पाहणाऱ्या तुम्हाला माझा एक प्रश्न: लिओ रिवासचा वाढदिवस कधी असतो?

१० ऑक्टोबर. त्या दिवशी त्याला २८ पूर्ण झाली. तुम्ही मैदानात होतात, गोंगाटात. तो घरी टीव्हीसमोर होता, आणि घरी बसलेल्याला असले तपशील जास्त कळतात. त्याच्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही. टोमणाही असेल. पण तिकीट सोडून घरी एकटा बसलेला माणूस बरोबरीचा फटका पडल्या क्षणी ज्याच्यासोबत ओरडायचं त्यालाच केक पाठवतो, हेही तितकंच शक्य आहे. "वाढदिवस आहे रे त्याचा" एवढं लिहायला त्याला धीर झाला नसेल, कारण माहितीत चूक निघाली तर तुम्ही काय म्हणाल याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

इनफील्ड फ्लायचं ते वाक्य म्हणूनच मला सगळ्यात जड वाटतं. तो नियम मला स्वतःला तिकडे सहा वर्षं काढल्यावर कळला, आणि बाकावर कोण बसवावं याच्याशी त्याचा संबंध शून्य. "धावायला वेगळा माणूस का ठेवत नाहीत?" हा प्रश्न क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला पडणं साहजिक आहे, आणि फिनलींसारख्या मालकालाही तो पडला होता. तुम्ही त्याचं मत खोडलं नाहीत, त्याची चार वर्षं खोडलीत. परदेशात उशिरा आलेल्या माणसाला कोणता फॉर्म कुठे भरायचा इथपासून सगळं कोणीतरी शिकवत असतं. त्याला हा एक खेळ सापडला होता जिथे तो तुमच्या शेजारी बसून तुमच्याएवढाच ओरडू शकत होता.

तुम्ही चार वाटा लिहिल्यात. तो बोलेपर्यंत थांबणं, ही सगळ्यात सोपी, आणि संक्रांत गेली तसा गुढीपाडवाही जाईल. दुसऱ्या दोघांना मध्यस्थ घालणं, याने प्रकरण चौघांचं होतं, नको. लांबलचक ईमेल लिहून दोन्ही बाजू मांडणं, ही तुमची आवडती वाट दिसते. तुमचं पत्र पाहता त्यात आकडे येणारच, म्हणून तीही नको. चौथी, त्याची जागा दुसऱ्याला देऊन "तो येणार नाही असं वाटलं" म्हणणं. ही वाट धरलीत तर मग परतीचा रस्ता शोधायला मला लिहू नका.

फोन करा. सामना नसलेल्या दिवशी, पाच मिनिटं. माफी फक्त त्या एका वाक्याची मागा: "इनफील्ड फ्लायवरून सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं." बाकाबद्दलचं तुमचं मत मागे घ्यायची गरज नाही. खोटी शरणागती त्याला लगेच कळेल आणि ती तुम्हाला पेलणारही नाही. "पण तूही" हे दोन शब्द तोंडात आले तर पाणी प्या. मग केकचं विचारा, आरोप न करता: "तो वाढदिवसाचा होता का रे?" उत्तर काहीही आलं तरी ऐकून घ्या. तो हसून उडवेल, किंवा म्हणेल, "हो, आणि तू मला काय पाठवलंस?" तेव्हा सातव्या सामन्यानंतरच्या संदेशाचीही माफी मागून टाका, ती वेगळी आहे.

तुमच्या दोघांच्या बायका अजून हळदीकुंकवाला एकमेकींकडे जातात असं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. त्यांच्याकरवी निरोप पाठवू नका. त्यांनी आपलं आपण सांभाळलंय, त्यात तुमचा बेसबॉल नको.

असे गट आता न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत मराठी घरांत आहेत, आणि क्रिकेटवरून, कबड्डीवरून इथेही हेच चालतं, म्हणून एक युक्ती सगळ्यांसाठी सांगते. निवड व्हायच्या आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहायच्या: माझा माणूस कोण, तो कोणाच्या जागी येईल, आणि कोणती वेळ आली की तो उपयोगी पडेल. चिठ्ठ्या डब्यात. ऑक्टोबर संपल्यावर उघडायच्या. आमच्याकडे आयपीएलमध्ये २०२३पासून इम्पॅक्ट प्लेअर आला तेव्हा माझ्या भाच्यांनी हे करून पाहिलं. बहुतेकांना स्वतःची चिठ्ठी वाचून हसू आलं. दुसऱ्याची वाचायची पाळी आली तोवर भांडायचा जोर उरला नव्हता. आणि सामना चालू असताना गटावर वाद घालायचा नाही. चढलेल्या आवाजाला संध्याकाळी विसरता येतं, लिहिलेलं फोनमध्ये राहतं.

तिकिटांचं. त्याचा हिस्सा सध्या तुम्हीच भरा आणि फोनवर सांगा की जागा ठेवली आहे, हंगाम सुरू होईपर्यंत ठरव. तो नाही म्हणाला तर ते त्याचं उत्तर असेल, तुमचा अंदाज नव्हे. पहिला सामना मात्र मोठ्या मैदानात बघू नका. तिथे बाकीचे दोघं असतील, गर्दी असेल, आणि तुम्ही दोघं पुन्हा आकडे काढून बसाल. एप्रिलमध्ये टॅकोमाला जा, चेनी स्टेडियममध्ये. सिएटलचा राखीव संघ तिथे खेळतो, तिकीट स्वस्त असतं आणि बाक इतका जवळ की खेळाडूंचं आपसातलं बोलणं कानावर पडतं. पुढच्या सप्टेंबरात ज्याच्यावरून तुम्ही भांडणार आहात तो बहुधा तिथेच कुठेतरी बसलेला असेल. चिवडा न्या, जॅकेटही न्या. सूर्य गेला की तिकडे चांगलाच गारठा पडतो.